न्यायला येईल त्याला सांगायचं

मुलाला न्यायला जो येईल त्याला दिवसभराचं सांगायचं, हा माझ्या पाळणाघराचा पहिला नियम होता. मीच केलेला. त्यात काही खोट असेल असं मला पाच वर्षं वाटलं नाही.

घर सिडकोत, अंबडच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढे ओटा. नव्वदनंतर गल्लीतल्या बायका एकामागून एक कंपन्यांत लागल्या, कोणी पॅकिंगला, कोणी वायरी जोडायला, आणि त्यांची पोरं दिवसभर ठेवायची कुठे हा प्रश्न घरोघरी आला. मी नामपूरकडची, दहावी झालेली. वडिलांबरोबर बाजारात मिरचीच्या ढिगामागे बसून वाढले. पाळणाघर काढायला मला कोणी काही दिलं नाही. उलट, "दुसऱ्यांच्या पोरांचं शी-शू काढणार का आता," असं सासरच्यांनी ऐकवलं. पहिले दोन पाळणे मी भंगारवाल्याशी तासभर हुज्जत घालून मिळवले. तीन मुलांवर सुरुवात केली, पाच वर्षांत बारा झाली. अजूनही कोणी "तुमचं नशीब चांगलं हो" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

गिऱ्हाईक बघून बोलावं, हे मला बाजारानं शिकवलं होतं. संध्याकाळी ओट्यावर मी तेच करायची. बाप न्यायला आला तर "सगळं ठीक" एवढंच, कारण तो स्कूटरसुद्धा बंद करायचा नाही. आई आली तर तिला घासन्‌घास सांगायचा, किती वरणभात खाल्ला, किती वाजता उठला, कोणाला चावला. आजी-आजोबांना एखादी तक्रार लागते, म्हणून त्यांच्यासाठी एक छोटीशी राखून ठेवायची. शिवाय प्रत्येकाच्या पिशवीत एक वही. तिच्यात दोन ओळी: जेवली, झोपली, शी झाली. दमून आलेली आई घरी गेल्यावर ती वही उघडते हे मला माहीत होतं. त्यामुळे पडली, रडली असलं मी शक्यतो लिहायचीच नाही. वाचून तिचा जीव भांड्यात पडावा, एवढाच हेतू. निदान मी स्वतःला तसं सांगायची.

ती मुलगी अडीच वर्षांची होती. कुरळे केस, आणि एका हातात कायम डब्याचं लाल झाकण. झाकण काढून घेतलं की जेवायची नाही. बाप ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. आई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. सकाळी साडेआठला मुलीला माझ्या हातात देऊन बससाठी पळायची, परत यायला तिला सात वाजायचे. म्हणून न्यायला यायच्या त्या आजी, आईच्या सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेले. गल्लीभर चालवायचं, पण पळत्या पोरीमागे धावणं होत नव्हतं. शनिवारी आईला अर्धा दिवस असायचा, त्या दिवशी दोघी मिळून येत.

आजी देवळा गावाच्या बाजूच्या. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "तू कोनता गावनी शे?" नामपूर म्हटल्यावर ओट्यावर बसल्याच. "मंग तू ते मनी भाची शे." म्हणजे मी त्यांची भाचीच. सिडकोत आमची अहिराणी कानावर पडायची नाही. बारा घरांची माणसं रोज माझ्या ओट्यावर येत, पण "तू जेवली का" हे मला फक्त त्यांनीच विचारलं. त्या मला माहेरच्या वाटायच्या. माझी सगळी चूक तिथून सुरू होते.

एप्रिलमधली दुपार होती. जेवणानंतर मुलीचं अंग तापलं. मी कपाळावर ओलं फडकं ठेवून तिला निजवलं. तीनच्या सुमारास मदतीच्या बाईंनी आतून हाक मारली. मुलगी ताठ झाली होती. डोळे वर गेलेले, हातपाय झटके देत होते. असं मी गावात एकदा पाहिलं होतं. गावात करतात तेच मी केलं. कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. बाईंना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पळवलं. बाकीची अकरा मुलं भिंतीशी चिकटून बघत होती, आणि त्यातलं एकही रडत नव्हतं, याचीच मला जास्त भीती वाटली. सगळं मिनिट-दोन मिनिटांचं असेल. डॉक्टर आले तेव्हा ती सैल पडून झोपली होती.

"तापाची आकडी आहे," डॉक्टर म्हणाले. "लहान मुलांना येते. पण हा कांदा कशाला? कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही. ताप चढू द्यायचा नाही. पुन्हा येऊ शकते. तिच्या आईबापांना सांगा आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवायला लावा." हे सगळं त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

पाचला आजी आल्या. नियमाप्रमाणे मी त्यांना सांगितलं, आमच्या बोलीत, हळू आवाजात. चिठ्ठी हातात दिली. आजी भिंतीला धरून खाली बसल्या.

"कोनी दखं?" कोणी पाहिलं, हा त्यांचा पहिला प्रश्न.

"मी, आमच्या बाई आणि डॉक्टर."

"कोनले सांगू नको माय. पोरनी जात शे. उद्या लगीनना टाइमले लोके हाईच काढतीन."

"आजी, तिच्या आईला तर सांगावं लागेल."

"मी सांगसू तिले." मग माझ्या हातातल्या वहीकडे बघून म्हणाल्या, "वहीमा लिखू नको. ती वही कोनाबी हातमा जास."

मला त्यांचं पटलं. हे मी लपवत नाही. माझ्या धाकट्या आत्याचं लग्न आकडी या एका शब्दावरून दोनदा मोडलेलं मी पाहिलं होतं. मी वही उघडली आणि लिहिलं: "अंग गरम होतं. जेवली." आजींनी चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली आणि नातीला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी आई सकाळी मुलीला सोडून गेली, नेहमीसारखी, पळत. डॉक्टरांना दाखवलं का, रात्री ताप होता का, एक शब्द नाही. मला वाटलं, घाई आहे. शनिवारी दोघी आल्या तेव्हा मी आईला आडून विचारलं, "आता ताप नाही ना हो?"

"नाही. त्या दिवशी जरा अंग गरम होतं म्हणे," ती म्हणाली.

त्या "म्हणे"वरून कळलं, आजींनी तिला आकडीचं सांगितलंच नव्हतं. आजी शेजारीच उभ्या होत्या, नातीच्या चपलेचा पट्टा लावत. मान वर केली नाही. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सुनेसमोर त्यांना खोटं पाडायचं माझ्यानं झालं नाही. सोमवारी एकट्या सापडल्या तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, "तिना मालक येऊ दे, मंग सांगसू." मालक, म्हणजे मुलीचा बाप, आला आणि गेला. पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, त्याला एवढ्या लांबच्या फेरीवर काळजी लावून कशाला पाठवायचं.

पुढचा दीड महिना माझा कसा गेला ते मलाच माहीत. मुलीचं अंथरूण मी माझ्या हाताशी, दाराजवळ घेतलं. दर तासाला तिचं कपाळ बघायची. ऊन लागून गरम लागलं तरी पुन्हा ओलं फडकं ठेवायची. दुपारी मुलं झोपली की मी डोळा मिटत नव्हते. तिचा हात झोपेत नुसता हलला तरी उठून बसायची. बाई म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ना तिच्या आईला." मी त्यांच्यावरच ओरडले. माझा स्वभाव तसा आहे. दोष माझा असला की आवाज आधी चढतो.

जूनमध्ये आजी लग्नाला देवळ्याला गेल्या होत्या. रविवारी घरी आई आणि मुलगी दोघीच. मुलीला ताप भरला आणि आकडी आली. आईनं असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. पोर गेली असंच तिला वाटलं. तशीच अनवाणी उचलून ती रस्त्यापर्यंत धावली, रिक्षा मिळेपर्यंत तिला छातीशी धरून हलवत राहिली. हे मला नंतर रिक्षा थांबवून देणाऱ्या दुकानदारानं सांगितलं. मुलगी दवाखान्यात दोन दिवस होती. घरी आणल्यावर आई तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेव्हा ते सहज म्हणाले, "मी एप्रिलमध्ये चिठ्ठी दिली होती ना पाळणाघरात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ती आली. मुलगी कडेवर, शेजारी आदल्या रात्री परतलेल्या आजी. ओट्यावर चार घरांचे पालक मुलं सोडायला उभे होते.

"काकू, एप्रिलमध्ये माझ्या मुलीला इथे आकडी आली होती?"

"आली होती."

"दवाखान्यात मला तीनदा विचारलं, आधी कधी आली होती का. मी तीनदा नाही म्हटलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना माहीत, तुमच्या कामवाल्या बाईंना माहीत. मलाच माहीत नाही. मी कोण आहे तिची?"

तिचा आवाज मोठा नव्हता. माझा होता. "मला विचारायच्या आधी शेजारी उभ्या आहेत त्यांना विचारा. त्याच दिवशी, याच ओट्यावर, चिठ्ठीसकट सांगितलंय मी."

ती सासूकडे वळली. "आई?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ताप होता म्हणाल्या होत्या. आकडीचं मला कोणी सांगितलं नाही." हे त्या शुद्ध मराठीत बोलल्या. माझ्या ओट्यावर त्या तशा कधीच बोलल्या नव्हत्या.

मी म्हटलं, खोटं आहे, चिठ्ठी पदराला बांधलीत तुम्ही. तेवढ्यात आईनं पिशवीतून वही काढली, पानं उलटली आणि सगळ्यांसमोर वाचलं, "अंग गरम होतं. जेवली." मग वही माझ्यापुढे धरली. "अक्षर तुमचंच ना?"

माझंच होतं. उभ्या जन्मात बोलाचालीत मी कोणाला हार गेलेली नाही, पण त्या दोन ओळींनी मला हरवलं. आणि दोष माझा असला की मी करते तेच केलं. "मी काय तुमच्या सासू-सुनांची पोस्टमन आहे का? तुमच्या घरातलं घरात बघा," असं ओरडले. उभ्या पालकांपैकी एक गृहस्थ मान फिरवून हसले. आईनं वही पिशवीत टाकली, लाल झाकण खाली पडलं होतं ते उचललं आणि गेली. आजी मागोमाग गेल्या.

आठवडाभरात आणखी चार मुलं गेली. एकीनं सांगितलं, सासू येणार आहे गावाहून. दुसरीनं नुसतं सकाळी आणणं बंद केलं. गल्लीत बोललं जात होतं, ही बाई मुलांचं लपवते. लपवलं कोणी, हे सांगू शकणारी बाई रोज संध्याकाळी देवळात जाताना माझ्या ओट्यावरून जायची आणि समोरच्या घरांकडे बघत चालायची. मी दारात उभी राहून खाकरायची. एकदा तर मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "भाचीले वळखत नाही का माय?" पाय जरा अडखळले. थांबल्या नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, आई एकटीच आली. ओट्याच्या पायरीवर उभी राहिली, वर चढली नाही.

"दोन पाळणाघरांत विचारलं," ती म्हणाली. "आकडी येते म्हटल्यावर दोघी नको म्हणाल्या."

"म्हणजे त्यांना आधीच सांगितलंत."

"मी सांगते, काकू. मला लपवता येत नाही."

टोमणा मला झोंबला, पण तो मी कमावलेला होता. मी तिला आत बोलावलं, चहा ठेवला आणि आम्ही दोघी सौद्याला बसलो. मिरचीच्या भावावरसुद्धा मी इतकी घासाघीस केलेली नाही.

ती म्हणाली, जे होईल ते मला, फक्त मला सांगायचं, आणि वहीत जसंच्या तसं लिहायचं. मी म्हटलं, कबूल, पण वहीवर रोज तुमची सही पाहिजे, वाचलं म्हणून. ती म्हणाली, ताप आला तर ताबडतोब कळवायचं. मी म्हटलं, कळवते, पण कंपनीचा फोन नंबर द्या आणि साहेबांना आधी सांगून ठेवा, की या बाईचा फोन आला तर बोलवायचं. मूल आजारी असतं हे सांगणाऱ्या बाईला कंपनीत कायम करत नाहीत, ती म्हणाली. मी म्हटलं, मग माझ्याकडे ठेवू नका. कप फिरवत ती हो म्हणाली. मी पुढे रेटलं. शनिवारी अर्धा तास तुम्ही इथे मुलांत बसायचं. मुलगी इथे कशी असते ते डोळ्यांनी बघा, माझ्या सांगण्यावर राहू नका. तेही तिनं मान्य केलं.

मग मी माझी खरी अट काढली. "आजींनी या ओट्यावर येऊन, चार माणसांसमोर म्हणायचं, की मला सांगितलं होतं."

तिनं कप खाली ठेवला. "तेवढं माझ्याकडून होणार नाही. मला त्याच घरात राहायचंय."

म्हणजे आजींना मी सांगितलं होतं, हे तिला माहीत होतं. चिठ्ठी सापडली होती की आजींच्या चेहऱ्यावरून कळलं होतं, मी विचारलं नाही. तिला माहीत होतं आणि तरी तिनं मला ओट्यावर उभं करून ती वही वाचली होती. तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण आतल्या खोलीत पाच पाळणे रिकामे होते, आणि कारण ती चुकीचं बोलत नव्हती. ती अट मी सोडली. तेवढी एकच सोडली.

सोमवारपासून मुलगी येऊ लागली. आजी पुन्हा पाचला न्यायला यायच्या. मी मुलीचा हात त्यांच्या हातात द्यायची आणि आत वळायची. तू जेवली का, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

गणपती बसायच्या आधीची गोष्ट. अकरा वाजता मुलगी झाकण खाली टाकून माझ्या मांडीवर येऊन पडली. अंग चटका बसेल असं. आईनं तापाच्या औषधाची बाटली आणि मापाचं झाकण ठेवलं होतं, बाटलीवर चिकटपट्टी लावून किती द्यायचं ते लिहिलेलं. मी औषध पाजलं, बाईंच्या मांडीवर तिला दिलं आणि किराणा दुकानाच्या फोनवर धावले.

गेटवरचा माणूस म्हणाला, "लाइनवरच्या बाईला फोनवर बोलावता येत नाही. निरोप द्या, सुट्टीत सांगतो."

"सुट्टी किती वाजता?"

"एक."

"दादा, तुम्हाला मुलं आहेत?"

"आहेत, पण नियम आहे बाई."

"तुमचं नाव सांगा. एकपर्यंत काही झालं तर कोणी निरोप दिला नाही ते मला सांगावं लागेल. पोलिसांनाही सांगावं लागेल." पोलीस कुठून आले ते मला माहीत नाही. माझ्या तोंडून आले. त्यानं रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. दुकानदार मिठाची पिशवी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला होता. पाच मिनिटांनी आईचा आवाज आला, आणि मी एका दमात सगळं सांगितलं, किती ताप, काय पाजलं, किती वाजता, झटका नाही. ती फक्त "निघाले" म्हणाली.

ती येईपर्यंतची चाळीस मिनिटं मी मुलीच्या बोटांवर नजर ठेवून काढली. आई आली, हात धुतले आणि मुलीला मांडीवर घेतलं. आम्ही दोघींनी आळीपाळीनं तिचं अंग पुसलं. बाकीच्या मुलांना बाईंनी जेवू घातलं. दोनच्या सुमारास मुलीला घाम सुटला. आकडी आली नाही. चारला तिनं डोळे उघडून झाकण मागितलं.

पाचला आजी आल्या. दारात सुनेच्या चपला बघून थबकल्या, मग भिंत धरून आत आल्या. ओल्या फडक्यांकडे, पातेल्याकडे पाहिलं. चेहरा उतरला.

"काय झालं? तू चिठ्ठी दिलीस त्या दिवशीसारखं झालं का इथे?"

खोलीत आम्ही तिघीच होतो, आणि मुलं. आईचा हात मुलीच्या केसांत होता, तो थांबला. तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे तीन महिन्यांचं साठलेलं होतं.

आईनंच उत्तर दिलं. "नाही, आई. मला फोन आला होता. वेळेवर आले मी." आणि पुन्हा केसांतून हात फिरवू लागली.

आजी हळूहळू खाली बसल्या. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं असावं, कारण त्या बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. गाठ तिथे नव्हती. जाताना माझ्या खांद्याला धरून उठल्या. एरवी भिंतीला धरून उठायच्या.

त्यानंतर माझा नियम बदलला. न्यायला कोणीही येवो, बातमी आईबापालाच. वहीत पडलं, रडलं, चावलं, सगळं लिहायचं आणि खाली सही. प्रत्येक घरानं आठवड्यातून अर्धा तास बसायचं. बाप लोकांनी आधी तोंडं वाकडी केली, मग एकानं पाळण्याचे दोर बदलून दिले, आणि तो स्कूटर बंद न करणारा गृहस्थ जमिनीवर बसून मुलांना भात भरवू लागला. दोन हजारनंतर पालकांच्या हातात मोबाइल आले, माझ्याकडेही आला. तरी वही मी बंद केली नाही. ती मुलगी पाच वर्षांची झाल्यावर शाळेत गेली. तोवर आणखी एकदाच आकडी आली होती, माझ्याच समोर, आणि तेव्हा मी कांदा शोधला नाही.

आजी गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. मी दहाव्याला गेले होते. गल्लीतले सगळे होते, ज्यांनी मुलं काढून नेली तेही. त्यांच्या लेखी मी अजूनही लपवणारी. आजी माझ्या खोलीत, तिघींत बोलल्या, ओट्यावर नाही. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जावा असा मी प्रयत्नही करत नाही.

मुलगी शाळेत जाताना आईनं ती जुनी वही माझ्याकडे सोडली. विसरली की मुद्दाम ठेवली, कोण जाणे. नव्या पालकाला मी सहीचा नियम सांगते आणि तो म्हणतो, "एवढं कशाला हो काकू, आमचा विश्वास आहे," तेव्हा मी कपाटातून ती वही काढते, एप्रिलचं पान उघडते आणि त्याला म्हणते, वाचा, यातून तुम्हाला काय कळलं ते सांगा.